कोसंबटोल्याची घाटी आणि हेडची पॉलिश

अश्वजित खोब्रागडे सरांनी मोटारसायकलच्या इंजिनचं हेड आणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं, तेव्हा सरिता वांग्याच्या भाजीला फोडणी देत होती. तिने एकदा त्या काळ्या, तेलकट वस्तूकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"हे काय होय?"

"गाडीचं डोस्कं."

"मंग ते इथी काऊन?"

"आतून घासाचं हाय. पॉलिश कराचं हाय."

"भांडे घासाची जागा मांगं हाय," असं म्हणून सरिताने भाजीवर झाकण ठेवलं. तिच्या मते विषय संपला. पण सर मूल गावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत, त्यामुळे समोरच्याने विषय संपवला की त्यांचा तास सुरू व्हायचा. त्यांनी सांगितलं की इंजिनच्या डोक्यात दोन बोगदे असतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत जातं, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. त्यांना पोर्ट म्हणतात. कारखान्यात ओतकाम होताना ते आतून खडबडीत राहतात, हवा अडखळत जाते आणि म्हणून गाडीत दम राहत नाही. तेच बोगदे आतून गुळगुळीत केले, तर गाडी तीच, पेट्रोल तेवढंच, पण ताकद... इथे सरांनी ताकद दाखवायला हात वर नेला आणि तो खुंटीवरच्या लसणाच्या जुडीला लागला. लसूण भाजीच्या झाकणावर पडला.

"कोनी सांगतलं हे?"

"मोबाइलवर पाह्यलं. केरळचा एक मानूस आपल्या घरीच करते."

"त्याची भाषा समजली तुमाले?"

"विज्ञानाले भाषा नसते," सर म्हणाले. पुढे जे काही झालं त्यातलं अर्धं या वाक्यामुळे झालं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आता हा खटाटोप कशासाठी तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, माणूस रिकामा दिसतो. सरिताचं माहेर कोसंबटोला. नागभीड सोडून रस्ता जंगलात शिरतो आणि गाव यायच्या आधी एक चढ लागतो. त्याला घाटी म्हणतात. पायथ्याशी मोहाचं जुनं झाड, माथ्यावर गावाचा पार. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री नाटक असतं, लेकी आणि जावई झाडून सगळे येतात. कोसंबटोल्याच्या मंडईत मात्र एक जादा कार्यक्रम होता, आणि तो दिवसाउजेडी व्हायचा.

दरवर्षी सरांची गाडी मोहाच्या झाडापाशी आली की घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढायची. मग सरिता न सांगता उतरायची. सर एकटे वर जायचे. पारावर बसलेलं गाव आधी जावयाला पाहायचं, आणि बऱ्याच वेळाने लेकीला, हातात पिशवी, चपला धुळीने माखलेल्या. तिथे सरांचे साडभाऊ, म्हणजे साडू, अतुल आधीच येऊन उभे असायचे. अतुल नागभीडला रेल्वेत होते आणि त्यांच्याकडे चारचाकी होती. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालात सारून ते दरवर्षी एकच वाक्य बोलायचे. "गाडी तं आली जी. इंजिन मांगून पैदल येऊन राह्यलं."

गाव हसायचं. हसणाऱ्यांत सासरे श्रावणभाऊही असायचे, आणि सरांना खरा घाव तिथे बसायचा.

गेल्या वर्षी मात्र सरांचा तोल गेला. सर घरात आणि गल्लीत आपल्यासारखंच बोलत, पण मानाला धक्का लागला की ते थेट पाठ्यपुस्तकी मराठीत शिरत. पारासमोर उभे राहून ते म्हणाले, "पुढील वर्षी सरिता या दुचाकीवर आरूढ होऊनच वर येईल." गावाला बाकीचं वाक्य कळलं नाही, पण 'आरूढ' फार आवडलं. वर्षभर सासरवाडीचा फोन आला की शेवटी कोणीतरी विचारायचंच, "मंग, जवाईबाप्पू, आरूढचं काय झालं?"

नवी गाडी घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यावर सरांचं म्हणणं असं, की नवी गाडी चढली तर ती कंपनीची अक्कल, जुनी चढली तर आपली. सरिता एवढंच म्हणाली होती, "मी चालत आली तं तुमचं काय बिघडते?" पण हे तिने धुणं वाळत घालताना, पाठ फिरवून म्हटलं होतं, आणि सरांनी त्याला बायकोचा मोठेपणा समजून सोडून दिलं. सरांचं हे असंच असायचं.

हेड खोलून द्यायचं काम पोचू मेस्त्रीने केलं. "सर, विकून टाका, मी गिऱ्हाईक पाहतो," असं त्याने नट काढताना दोनदा सांगितलं आणि नंतर हात धुतले. तिथून पुढे सर आणि शेजारी.

शेजारी म्हणजे दोघं. उजवीकडे चंदनशेठ बोम्मावार, ज्यांची राईस मिल होती. डावीकडे इंदुताई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सरांनी अंगणात सतरंजी टाकून हेड वर ठेवलं, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन डोकी वर आली.

"पॉलिशचं मले नका शिकवू," चंदनशेठ म्हणाले, जरी त्यांना कोणी काही शिकवत नव्हतं. "अर्ध्या तालुक्याचा तांदूळ पॉलिश करून राह्यलो मी. एका पान्यात, एका फेरीत, चमक येत नाई. दोन पानी, तीन पानी माराले लागते. आन् शेवटचा हात कोंड्याचा. कोंड्यात तेल असते, सर. त्या तेलानं जी चकाकी येते ना, ती तुमच्या पॉलिशपेपरनं सात जन्मात येनार नाई."

"हे अॅल्युमिनियम हाय, शेठ. तांदूळ नाई."

"मशीनले काय समजते?" चंदनशेठ म्हणाले. "फक्त जास्त घासू नका. जास्त घासलं का कनी होते."

इंदुताईंनी चष्मा लावला, टॉर्च मागवला आणि पोर्टमध्ये पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे घसे पाहिले होते, त्यामुळे त्यांच्या तोंडून "आ करा" एवढं निघता निघता राहिलं. "खूप कफ हाय," त्या म्हणाल्या. "आधी उकळा. उकळल्याशिवाय हात लावाचा नाई." सरांनी विरोध केला. इंदुताईंनी सुनेकडून पाणी तापवून आणलं. शेवटी सरिताच्या वरणाच्या गंजात हेड उकळलं गेलं आणि वर जो फेस आला तो पाहून इंदुताई फार समाधानाने घरी गेल्या. तो गंज सरिताने पुन्हा वरणाला वापरला नाही. ती त्याबद्दल काही बोललीही नाही, आणि सरांना वाटलं, चला, हे बरं झालं.

खरी अडचण पुढेच होती. केरळचा माणूस ड्रिलमध्ये सळई बसवायचा, सळईच्या फटीत पॉलिशपेपरची सुरळी अडकवायचा आणि ती पोर्टमध्ये फिरवायचा. सरांनी सगळं तसंच केलं. पण त्याचं हेड लोखंडी टेबलाला शिकंज्यात पकडलेलं होतं आणि सरांचं सतरंजीवर. ड्रिल सुरू होताच पेपर जागच्या जागी राहिला आणि हेड फिरलं. हेडबरोबर सतरंजी फिरली आणि सतरंजीवर सर बसलेले होते.

हेडला खाली काहीतरी जड पाहिजे, हे सरांना आता अनुभवाने कळलं होतं. त्यांनी घरभर पाहिलं. मग त्यांची नजर बैठकीतल्या दिवाणावर गेली. अस्सल सागाचा दिवाण. गादी उचलली की खाली सागाच्या रुंद फळ्या, आणि मधली एक फळी निघाली तरी वर बसणाऱ्याला काही कळलं नसतं. सरिताही नोकरी करायची; ती ड्यूटीवर गेली असताना सरांनी ती फळी काढली, तिला भोकं पाडली आणि त्यावर हेड बोल्ट लावून आवळलं. मघाशी फिरल्याचा राग मनात होता, म्हणून इतकं आवळलं की नटांचे कोपरे झिजून ते गोल झाले. आता हेड आणि फळी एकजीव झाले. सरांना वाटलं, छान झालं.

मग गल्लीत ड्रिल घुमायला लागलं. शाळा सुटली की घर्रर्र, सुट्टीच्या दिवशी दुपारभर घर्रर्र. सरांच्या मिशांवर चंदेरी भुकटी बसली. पोर्ट खरंच गुळगुळीत होऊ लागले. आत बोट फिरवलं की सरांचे डोळे मिटायचे. शेवटी त्यांनी चंदनशेठच्या मिलमधून पसाभर कोंडा आणून तोही आत फिरवला, कोणाला दिसणार नाही अशा बेताने. आणि सांगायला नको, पण सांगतो, चकाकी आली.

इंदुताई रोज भिंतीवरून पाहत. त्यांना फळी दिसायची, ड्रिल दिसायचं, आणि सरांच्या पाठीमुळे हेड दिसायचं नाही. किराणा दुकानात कोणी विचारलं तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आमचे सर घरीच सागावर कोरून राह्यले. गुनी मानूस हाय."

आपल्या भागात हे वाक्य कौतुकाने बोललं तरी वेगळ्याच माणसाच्या कानावर जातं. दुसऱ्या दिवशी दारात खाकी कपड्यात वनरक्षक रंजीता मडावी उभ्या राहिल्या. सरांची जुनी विद्यार्थिनी.

"नमस्कार सर. सागाचं काम सुरू हाय मनते."

"साग कुठी? इंजिन हाय." सर हसले आणि अंगणात घेऊन गेले. रंजीताने हेडकडे पाहिलं नाही. तिने फळी पाहिली, वाकून कड पाहिली, बोटाने घासून वास घेतला.

"फळी सागाची हाय, सर. खात्याचा छाप दिसत नाई. वाहतुकीचा पास हाय?"

"अगं, तू मला ओळखतेस ना? मी असलं काही करेन का?" सर पाठ्यपुस्तकात शिरायला लागले होते.

"तुमीच शिकवलं, सर. आधी निरीक्षन, मंग अनुमान." हे ती अगदी मनापासून म्हणाली, त्यामुळे सरांना रागावताही येईना. "फळी आनली कुठून?"

नेमकी त्याच वेळी सरिता ड्यूटीवरून आली होती आणि दारात उभी होती. सर घाईघाईने म्हणाले, "इथेच पडलेली होती. जुनी. अडगळीत."

सरिता पुढे आली. तिने फळी पाहिली. मग ती आत गेली, गादी उचलल्याचा आवाज आला, आणि ती परत बाहेर आली. "हे आमच्या दिवानाची हाय," ती म्हणाली. "माह्या बाबानं आंदनात देल्ला होता."

पंचनाम्यात दोन्ही जबाब लिहिले गेले. पती म्हणतात अडगळीत मिळाली, पत्नी म्हणते आंदणात मिळाली. चकाकणारी भुकटी पुडीत बांधली गेली. रंजीताने सांगितलं, फळी जप्त करावी लागेल, हेड तुम्ही काढून घ्या. सरांनी पाना लावला. पाना फिरला, नट फिरला नाही. चंदनशेठनी लावला. इंदुताईंनी कोमट तेल आणलं. शेवटी रंजीता म्हणाली, "राहू द्या सर, जास्त ठोकाठोक केली तं पुराव्याशी छेडछाड होईल." आणि फळी, तिला घट्ट बसलेलं सरांचं हेड, आणि त्यातली ती चकाकी, असं सगळं वनखात्याच्या गाडीत ठेवून ती गेली. जाताना पाया पडली.

त्या संध्याकाळी सरिताने एकच प्रश्न विचारला. "मले इचारलं असतं तं?" तिच्या बापाने जंगलातला आपल्या वाट्याचा साग आणून, सुताराला घरी बसवून, तो दिवाण करून घेतला होता. सरांना हे माहीत होतं आणि फळी काढताना आठवलं नव्हतं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. पण मंडई तोंडावर आली होती, आणि डोकं नसलेली गाडी अंगणात उभी होती, त्यामुळे वाईट वाटायला पुरेसा वेळ नव्हता.

आता कार्यालय. तिथले साहेब सज्जन होते आणि त्यांना मदत करायची मनापासून इच्छा होती. अडचण नोंदीची होती. जप्तीचा माल संगणकात कुठल्यातरी प्रकारात घालावा लागतो. इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, बांबू, तेंदू, मोह, डिंक, वन्यप्राण्याचा अवयव. फळी इमारती लाकडात गेली. हेड कशातच बसेना. बाबूने थोडा विचार करून विचारलं, "अवयव टाकू का? डोस्कं मनताच तुमी." साहेबांनी त्याला अडवलं, कारण मग प्रकरण फार वर गेलं असतं. बराच खल झाला आणि सरांच्या गाडीचं हेड 'इतर गौण वनोपज' म्हणून नोंदलं गेलं.

"आता सोपं झालं," साहेब म्हणाले. "वनोपजावर गावाचा हक्क असतो. ज्या गावची फळी, त्या गावच्या ग्रामसभेने ठराव द्यावा, की फळी इथल्याच सागाची, आंदणात दिलेली, आणि तिला लागून असलेलं गौण वनोपज परत द्यायला आमची हरकत नाही. मी लगेच सोडतो."

सर खुर्चीवरून अर्धे उठले. ज्या गावापासून हे सगळं लपवून ठेवायचं होतं, त्याच गावाच्या सभेत आता आपलं हेड जाणार. "अन्य मार्ग उपलब्ध नाही काय?" त्यांनी विचारलं. साहेबांना इतक्या शुद्ध मराठीत कोणी विचारत नसे. त्यांनी सरांना चहा पाजला, पण मार्ग नव्हता.

फोन सरितानेच केला. कोसंबटोल्यात ग्रामसभा बसली. रस्त्याच्या प्रश्नाला एरवी जेवढे लोक येत नाहीत तेवढे त्या दिवशी आले. सासरे श्रावणभाऊ उभे राहून बोलले, "फळी मीच देल्ली. आता जवायानं तिचं काय केलं ते मले समजलं नाई, पन मानूस चोर नाई." सासू मनकर्णाबाईंनी हरकत घेतली, की आंदण मोडणाऱ्याला परत काऊन द्यायचं, त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठराव सर्वानुमते झाला. 'खोब्रागडे जवाई यांच्या गाडीचे डोके त्यांना परत मिळावे, कारण त्याशिवाय आपल्या गावची लेक सरिता हिला घाटी आरूढ होऊन चढता येणार नाही.' आरूढ हा शब्द कोणी घातला हे शेवटपर्यंत कळलं नाही. अतुल त्या गावचे नसूनही ठरावाचा फोटो त्यांनी मिळवला आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याचं चित्र.

म्हणजे आता सरांची घाटी ही सरांची राहिली नव्हती. ती गावाच्या ठरावाची अंमलबजावणी झाली होती.

हेड सुटलं, फळीही सुटली. बोल्ट कापून फळी वेगळी केली, सरांनी स्वतः ती दिवाणात परत बसवली, आणि भोकं दिसू नयेत म्हणून उलटी बसवली. पोचू मेस्त्रीने हेड गाडीवर चढवलं. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी दोन्ही शेजाऱ्यांच्या साक्षीने सरांनी किक मारली.

गाडी सुरू झाली. आवाज असा आला की इंदुताईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आणि मग सायलेन्सरमधून एक खमंग वास सुटला. सरांनी कुठेतरी खाचेत राहिलेला कोंडा न पुसता हेड देऊन टाकलं होतं, तो आता आत भाजत होता. भाजलेल्या कोंड्याचे कण फुर्रफुर्र बाहेर उडायला लागले. आधी चंदनशेठच्या कोंबड्या भिंतीवरून आल्या, मग पलीकडच्या गल्लीतल्या. सर चाचणीसाठी निघाले तेव्हा त्यांच्या मागे कोंबड्यांची रांग धावत होती, आणि सर आरशात पाहून वेग वाढवत होते. बसस्टँडपर्यंत निम्म्या गळाल्या. तिथून पुढे मात्र गाडी अशी पळाली की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं असेल, पण सर तसं म्हणत नाहीत.

"माह्या मिलचा कोंडा हाय," चंदनशेठ गल्लीत सांगत राहिले.

मंडईच्या दिवशी दुपारी दोघं निघाले. सरिताने नवी साडी नेसली होती, मांडीवर पिशवी घेतली होती. नागभीड गेलं, धानाची कापलेली शेतं गेली, जंगल लागलं. कोंड्याचा वास आता फक्त चढावर यायचा. सर वाटेत दोनतीनदा म्हणाले, "आज पाय धुळीत पडू देनार नाई तुले." सरिता "हं" म्हणाली. तिचं लक्ष रस्त्याच्या कडेला होतं.

मोहाचं झाड आलं. सरांनी गाडी क्षणभर थांबवली. त्यांना दम घ्यायचा होता. वर माथ्यावर पार दिसत होता आणि पारावर माणसंच माणसं. मंडईतली दुकानं सोडून लोक तिथे येऊन बसले होते. सरांनी आरसा नीट केला, शर्ट ओढला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

काय चढली गाडी. पहिल्यात चढली, दुसऱ्यात चढली, अर्ध्या घाटीत सरांनी तिसरा टाकला, तरी चढली. दगड उडत होते, रानातला आवाज मागे राहत होता, आणि सरांना त्या दोन गुळगुळीत बोगद्यांतून वारा जाताना जणू स्वतःच्या नाकात जाणवत होता. माथा आला. गाव उठून उभं राहिलं. सरांनी पाराला एक चक्कर मारली, मग आणखी एक, आणि मग अतुलच्या पुढ्यात गाडी उभी करून स्टँड लावला.

"घ्या," ते म्हणाले.

अतुलनी गाडी पाहिली, सरांना पाहिलं, सरांच्या मागे पाहिलं. खर्रा एका गालात सारला.

"सरिताबाई कुठी हायेत जी?"

सरांनी मागे हात नेला. सीटवर कोणी नव्हतं.

पारावर जे हसू उसळलं ते मंडईतल्या आकाशपाळण्यापर्यंत गेलं असणार, कारण पाळणा थांबला. "ठरावात तिचं नाव होतं ना," मागून कोणीतरी म्हणालं. श्रावणभाऊ टोपी तोंडावर धरून हसत होते. सरांनी गाडी वळवली.

सरिता मोहाखालच्या दगडावर बसली होती. शेजारी ठमाबाई, तिच्या आईच्या वयाची, झाडूच्या गवताचा भारा टेकवून बसलेली. दोघी चिंच खात होत्या.

"तू उतरली कधी?" सरांनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"तुमी थांबले तवाच. मोह आला का माहे पाय आपसूकच उतरतात." ती जरा थांबली. "मी हाक मारली. पन तुमची पॉलिश लय आवाज करते."

"बस आता. चाल. दाखवू त्याइले."

सरिता उठली नाही. चिंचेचा चिंचोका तिने हातात फिरवला. "खरं सांगू का? रागावनार नाई तं सांगते. मले चालाचंच असते. वर्षभर ड्यूटी, घर, ड्यूटी. आन् इथून वर जाईपर्यंत एवढा एक रस्ता माहा असते. ठमाबाई भेटते. त्या तिकडच्या वावरातून बाया हाक मारतात, सरी आली, सरी आली. तिकडे मूलले मले कोनी सरी मनत नाई. वर पोचलं का मी जवायाची बायको होते. तुमी दरवर्षी माह्यासाठी लाजता, तं मले वाटे, सांगून काऊन तुमाले दुखवाचं."

ठमाबाई मन लावून चिंच खात होती, जशी काही ऐकतच नव्हती.

सर झाडाला टेकून उभे राहिले. त्यांना पहिल्यांदा कळलं की या घाटीवर आपण इतकी वर्षं आपलीच इज्जत चढवत होतो, आणि आपल्या मागे एक माणूस खुशीत चालत येत होतं. त्यांना लाज वाटली. पारावरची नव्हे, वेगळीच. धुणं वाळत घालताना पाठ फिरवून बोललेलं ते वाक्य आता नीट ऐकू आलं.

त्यांनी गाडीची चावी काढून खिशात टाकली. "चाल मंग," ते म्हणाले. "मीबी येतो पैदल. मले दाखव तं खरा तुहा रस्ता."

"गाडी?"

"ढकलतो."

चढावर गाडी ढकलणं ही गोष्ट बोलायला सोपी आहे. पहिल्या वळणावर सरांचा शर्ट ओला झाला. दुसऱ्या वळणावर सरिताने मागून हात लावला. ठमाबाईने, गाडी रिकामी जातेच आहे तर, म्हणून गवताचा भारा सीटवर टाकला. वावरातून बाया खरंच ओरडल्या, "सरी आली वो, सरी आली," आणि सरिता अशी हसली की सरांनी ढकलणं थांबवून पाहिलं. इतकी वर्षं हे त्यांच्या पाठीमागे घडत होतं.

माथ्यावर पोचले तेव्हा पुढे सर घामाघूम, सीटवर आरूढ झालेला गवताचा भारा, मागून ढकलणाऱ्या सरिता आणि ठमाबाई. इतकं तर गावानेही मागितलं नव्हतं. अतुलनी डोळे पुसले.

"एकाचे दोन इंजिन केले जी तुमी," ते म्हणाले. "हे पॉलिश भारी हाय."

सरांकडे उत्तर होतं. किक मारून, सरिताला मागे बसवून, एकदा खाली आणि एकदा वर, एवढंच करायचं होतं. त्यांचा हात खिशातल्या चावीकडे गेलाही. सरिता बाजूला उभी राहून पदराने तोंड पुसत होती. ती हळूच म्हणाली, "दोघाइले घेऊन चढली असती ना?"

"चढली असती," सर म्हणाले, आणि त्यांनी हात खिशातून रिकामाच बाहेर काढला. मग अतुलकडे वळून, पुस्तकातल्या नव्हे, आपल्या बोलीत म्हणाले, "नाई चढत बा. जुनी झाली आता."

मनकर्णाबाईंनी दोघांच्या पायांवर पाणी घातलं. दोघांचेही पाय धुळीचे होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं करून ते मूलला निघाले. सरिता मागे बसली, सरांनी गाडी सुरू केली, पारावरून लोकांनी हात हलवले. चकाकणारं ते इंजिन दोघांना घेऊन ती घाटी चढतं की नाही, हे चंदनशेठ आणि इंदुताई आजही भिंतीवरून विचारतात. सर सांगत नाहीत, कारण त्यांनाही माहीत नाही. घरी जाताना सगळा उतारच होता.